माझ्या नावाचं पान

आमच्या गल्लीत दोन घरांमधली भिंत आढ्यापर्यंत पोचत नसे. पुरुषभर उंचीवर ती थांबायची आणि वर कौलांखाली सगळी घरं एकच असायची. एका घरात मिरचीची फोडणी पडली की चार घरं खोकायची. कुणाच्या सासूनं काय टोमणा मारला आणि कुणाच्या सुनेनं काय उलटून सांगितलं, हे गल्लीत कुणाला विचारावं लागत नसे. निपाणीत तंबाखूचा वास अंथरुणालाही असतो. बाहेरगावचा पाहुणा उंबऱ्यातच शिंकायचा आणि आम्ही त्याला हसायचो. सकाळी आधी वखारीचा भोंगा, मग हायवेवरच्या ट्रकांचे हॉर्न, मग नळावरच्या घागरी, आणि त्यानंतर दिवसभर कात्र्यांची कचकच. घरोघरी बायका मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसलेल्या असत. आप्पा, म्हणजे माझे वडील, तंबाखूच्या वखारीत पोती उचलायचे. आई विड्या वळायची. माझी थोरली बहीण सुमन, जिला मी आक्का म्हणायचे, आणि मी, आम्ही दोघी शाळेच्या आधी आणि शाळेच्या नंतर वळायचो. ओल्या गोणपाटात गुंडाळलेली पानं, सुपात तंबाखू, बोटाला दोरा. दुपारी जोंधळ्याची भाकरी आणि लसणाची चटणी. हात कितीही धुतले तरी चटणीला तंबाखूची कडसर चव यायचीच.

मी हातांवर चालायचे. तळहातांत आप्पांच्या जुन्या स्लीपरचे तुकडे धरायचे आणि अंग पुढं ओढायचे. चालायला लागून फार दिवस झाले नव्हते तेव्हा मला ताप आला. कुणा कंपाउंडरकडून आईनं मला सुई टोचून आणली, आणि ताप उतरला तेव्हा दोन्ही पाय लुळे पडले होते. उजव्यात पुढं थोडा जीव आला, डाव्यात आलाच नाही. ती सुई टोचली नसती तर पोरगी उभी राहिली असती, असं आई शेवटपर्यंत म्हणत राहिली. गल्लीतल्या बायका तिची समजूत काढायच्या. "इडी वळाय पाय लागत न्हाईत गं, पोरगी बसून खाईल." त्यांच्या परीनं ते खरंच होतं. माझी बोटं आक्कापेक्षा जलद चालायची आणि माझा विड्यांचा कट्टा कारखान्यातून कधी परत आला नाही. कौतुक करायचं असलं की बायका म्हणायच्या, देवानं पाय काढून हातात घातलेत. मला त्या कौतुकाचा राग यायचा, पण राग घेऊन जायचं कुठं? उठून जायला पाय हवेत.

आता हे हात गेलेत. बेळगावचे डॉक्टर म्हणाले, पोलिओतून जे स्नायू वाचले त्यांनी उभा जन्म दुसऱ्यांचं काम केलं, आता ते थकले, याला औषध नाही. हे प्रकरण मी बोलते आहे आणि दुसरं कुणी लिहून घेतं आहे. अपंगांसाठी माझं सारं आयुष्य भांडण्यात गेलं. कचेऱ्यांना उतार करा म्हणून भांडले, उतार झाले, आता त्यांवर मोटारसायकली लावलेल्या असतात. पोरांना शाळेत घ्या म्हणून भांडले, पोरांची नावं घातली जातात आणि पोरं घरीच बसतात. निराश होऊ नका, असं मला सांगायला माणसं येतात. ती जिना चढून येतात आणि जिना उतरून जातात. मी वाद घालत नाही. चहा पाजते आणि पाठवते.

शाळा हायवेच्या पलीकडं होती. आक्का मला पाठकुळी घेऊन जायची. दोघींची दप्तरं माझ्या गळ्यात आणि मी तिच्या गळ्यात. तिच्या वेणीचा खोबरेल तेलाचा वास अजून माझ्या नाकात आहे. चढावर तिला धाप लागायची, मग ती रस्त्याकडेच्या कट्ट्यावर मला टेकवायची आणि म्हणायची, "शाले, काल भाकरी जरा जास्तच हाणलीस वाटतं." मी तिचे कान ओढायचे. कोल्हापूरच्या गाडीचा कंडक्टर आम्हाला बघून दोनदा घंटी मारायचा. याच वाटेवर तिनं मला शब्द दिला होता. आमच्याकडं नवरी पहिल्यांदा सासरी जाते तेव्हा माहेरची एक बाई किंवा पाठची बहीण तिच्या सोबतीला जाते. तिला पाठराखीण म्हणतात. नवरीइतकाच तिचा मान असतो, गोडधोड आधी तिच्या ताटात पडतं. आक्का म्हणायची, "माझी पाठराखीण तूच हाईस. समदं गाव बघाय येतंय का न्हाय बघ. म्हणत्याल, नवरी पाठराखणीला पाठीवर घिऊन आली." मी ते शंभरदा ऐकलं असेल आणि शंभरदा खरं मानलं. तिच्या सासरी मी कोणतं परकर-पोलकं घालणार, तेसुद्धा ठरलं होतं.

आक्का लग्नाची झाली आणि स्थळं येऊ लागली. पहिली माणसं आली, चहा प्याली, कोपऱ्यात मी बसले होते तिकडं बघून गप्प झाली आणि गेली. दुसऱ्यांचंही तसंच झालं. मग आईच्या भावानं, तुकामामानं, बेळगावकडचं स्थळ आणलं. हिंडलग्याच्या पुढचं गाव, घरचं शेत, मुलगा बेळगावात लेथवर कामाला, माणसं निर्व्यसनी. मामा ओसरीवर बसून पानाला चुना लावत म्हणाला, "आप्पा, या खेपेला धाकटीला पुढ्यात ठिवू नगासा. पांगळेपण रक्तात हाय म्हणत्याल. सुमीच्या पोटाला बी तसंच येईल म्हणून भ्यात्यात लोक."

आप्पा म्हणाले, "ताप आलता तिला. रक्तात कुठलं आलंय?"

"त्ये तुमास्नी ठावं, मला ठावं. त्येस्नी कोण सांगणार? आन सांगितलं तर कोण ऐकणार?"

मी तिथंच विड्या वळत होते. मला कुणी आत जा म्हणालं नाही. माझ्यासमोर माझ्याबद्दल बोलताना माणसं आवाज खाली करत नसत, जणू पायांबरोबर माझे कानही गेले होते. आप्पा उठून परसात गेले. आईनं होकाराची मान हलवली. संध्याकाळपर्यंत गल्लीला सांगून झालं. गल्लीनं ते फार मनावर घेतलं, कारण पोरीचं लग्न हे साऱ्या गल्लीचं काम असतं. पोरांना दम भरला गेला, नळावर कुणी माझं नाव घ्यायचं नाही असं ठरलं. वाईट कुणाच्याच मनात नव्हतं. पुढं आयुष्यभर मला जी माणसं भेटली, पोरं मागच्या खोलीत ठेवणारी, लग्नाच्या फोटोतून एकाला वगळणारी, तीसुद्धा अशीच होती. वाईट माणसांशी मला भांडता आलं असतं. या माणसांशी कसं भांडायचं ते मला कधीच कळलं नाही.

पाहुणे यायच्या दिवशी मला शेजारी हौसामावशीच्या घरी नेऊन बसवलं. हौसामावशी विधवा होती, एकटी राहायची, आणि तिची जीभ तिच्या कात्रीपेक्षा धारदार होती. तिनं माझ्या मांडीवर सूप ठेवलं आणि म्हणाली, "वळत बस. हात रिकामं ठिवलं की डोकं फिरतंय." भिंतीवरून सगळं ऐकू येत होतं. चपलांचे आवाज, पाय धुवायला पाण्याचा तांब्या, कुणीतरी शिंकलं. त्यांनी बेळगावचा कुंदा आणला होता, त्याचं कौतुक झालं. पोह्यांना लिंबू पिळलेलं मला वासावरून कळलं. वाढताना एक पुरुषी आवाज कानडीत "साकु, साकु", पुरे पुरे, म्हणत होता, आणि आई आणखी वाढत होती. मग आक्काच्या बांगड्या वाजल्या. तिला नाव विचारलं, भाकरी येते का विचारलं. एका बाईचा आवाज मऊ होता, ती मुलाची आई असणार हे मी ओळखलं. ती म्हणाली, "आनि पाठराखीण कोण धाडणार? पाठची बहीण हाय न्हवं हिला? दोन पोरी हाईत आसं कुणीतरी म्हणालं आमास्नी."

कात्र्या थांबल्या. आमच्याच नव्हे, मला वाटतं सगळ्या रांगेतल्या थांबल्या. मामा खाकरला. त्यानं काहीतरी बोलावं म्हणून सगळे वाट बघत असावेत, पण बोलली आई.

"व्हती. तापात गेली."

"आगं आई गं! केवढी व्हती?"

"ल्हान व्हती. नुकती चालाय लागलीती. दारातनं पळत सुटायची, धरंस्तवर दमवायची. पायात वाळं व्हतं, त्येचा आवाज यायचा." एवढं बोलून आईला हुंदका फुटला. तो खोटा नव्हता. इतकी वर्षं मी त्यावर विचार केला आहे. आई त्या बाईला फसवत होती, पण तिनं सांगितलेली पोर खरीच होती, आणि ती खरीच तापात गेली होती. आई तिच्यासाठी कधी मोकळेपणानं रडली नव्हती, कारण माझ्यासमोर कशी रडणार? त्या दिवशी परक्या माणसांपुढं तिला जागा मिळाली. मला हे कळायला म्हातारपण यावं लागलं. त्या वेळी एवढंच कळलं की मला आईनं मारलं.

मग आक्का रडायला लागली. मान खाली घालून बसलेली नवरी मुलगी, तिनं बोलायचं नसतं, ती नुसती रडत राहिली. ती मऊ आवाजाची बाई उठून तिच्याजवळ गेली असावी. "रडू नगं बाळ. बहिणीवर लई जीव व्हता न्हवं? माया हाय पोरीला." आणि मग तिथंच, उठायच्या आधी, तिनं नवऱ्याला सांगितलं की मला हीच सून पाहिजे. सुपारी फुटली. आक्काचं लग्न माझ्या मरणावर ठरलं, हे मी सजवून सांगत नाही, तसंच झालं.

हौसामावशीनं माझ्याकडं बघितलं. मग सुपातला तंबाखू चाळत म्हणाली, "खोट्या मरणानं आयुष्य वाढतंय म्हणत्यात. लई जगशील बघ तू."

"मला न्हाय जगायचं."

"त्ये बी तुझ्या हातात न्हाय. वळ."

दुसऱ्या दिवशी शाळेच्या वाटेवर मला कट्ट्यावर टेकवल्यावर आक्का म्हणाली, "मी काय बोलणार व्हते, शाले? बोलले आसते तर मोडलं आसतं."

"मोडू द्यायचं व्हतंस की."

"तिसऱ्यांदा मोडलं आसतं तर आप्पानं हाय खाल्ली आसती." तिनं माझ्या पोलक्याचं बटण लावलं. "लगीन झालं की मी सांगीन त्यास्नी. चार दिस जाऊ देत. माणसं चांगली हाईत. मग तू येशील. पाठराखीण न्हाई तर न्हाई, पावणी म्हणून येशील." मी मान डोलावली. मला तिचा राग आला होता, पण तिच्या शब्दावर माझा विश्वास होता. रागापेक्षा तो मोठा होता. लग्नापर्यंतचे सगळे दिवस मी त्या चार दिवसांवर काढले.

लग्नाला थोडे दिवस राहिले असताना तुकामामा निरोप घेऊन आला. मुलाच्या आईनं सांगून पाठवलं होतं की घरात कुवार पोर गेलेली असली तर मंगलकार्यात तिला विसरू नये, ती आडवी येते. हळदीच्या आधी तिच्या नावानं एक कुमारीण जेवू घालावी, पाय धुवावेत, नवं परकर-पोलकं द्यावं. पोलक्याचं कापड त्या बाईनं स्वतः पाठवलं होतं. मोरपंखी रंगाचं, काठाला बारीक जर. हे ऐकून आईनं ते कापड दूर सारलं. "जित्या पोरीच्या नावानं पान वाढू? हात झडतील माझं." नाही म्हणावं तर संशय, कारण हळदीला तिकडच्या दोन बायका येणार होत्या आणि त्या विचारणार. हो म्हणून दुसऱ्या कुणाच्या पोरीला जेवू घालावं, तर ती पोर मेलेल्याच्या नावानं जेवणार आणि मेलेली तर शेजारी बसलेली. आप्पा परसात जाऊन उभे राहिले. ते काही कठीण आलं की परसात जायचे.

वाट हौसामावशीनं काढली. ती म्हणाली, "तिचं पान तिलाच वाढा की. तिच्या नावानं तीच जेवली तर दोष कुणाला? देवाला बी काय बोलाय जागा ऱ्हाईत न्हाई."

असं माझ्या नावाचं पान मी जेवले. हौसामावशीच्या घरी पाट मांडला, भोवती रांगोळी काढली. मोरपंखी पोलकं मला दंडात घट्ट झालं, कारण शिंप्यानं ते पायांनी चालणाऱ्या पोरीच्या मापानं शिवलं होतं आणि माझे दंड हातांवर चालून भरले होते. आई परात घेऊन आली. पाटावर मला बसवून तिनं माझे पाय परातीत घेतले. मी मोठी झाल्यापासून आईनं माझ्या पायांना हात लावल्याचं मला आठवत नाही. अंघोळ मी माझी करायचे, कपडे आक्का चढवायची, आणि आई नेहमी दुसरीकडं बघायची. त्या दिवशी तिनं आधी उजवा धुतला, मग डावा. डावा पाय मनगटाएवढा होता, थंड आणि निळसर. त्यावरून तिनं हात फिरवला, बोटं एकेक वेगळी करून धुतली, पदरानं पुसली, हळद लावली, कुंकू लावलं, आणि वाकून त्यावर डोकं टेकलं. ती बराच वेळ उठली नाही. तिचे केस माझ्या पायावर पसरले होते, आणि त्या पायाला स्पर्श कळतो. पोलिओत बळ जातं, स्पर्श जात नाही, हे पुष्कळांना माहीत नसतं. आईलाही माहीत नव्हतं. मला सगळं कळत होतं. तिच्या डोळ्यांतलं गरम पाणी बोटांमधून खाली उतरलं, तेही कळलं.

पानात पुरणपोळी, कटाची आमटी, भजी, भात, वरून तूप. मी पहिला घास घेतला आणि तो तोंडात फिरायला लागला. आई म्हणाली, "खा. टाकू नगंस. पान टाकलं तर तिकडं तिला बाधंल." तिला म्हणजे आक्काला. माझ्या पानानं मला काय बाधेल, हा विचार त्या घरात कुणाच्या मनात आला नाही. मी खात राहिले. भिंतीपलीकडं बायका हळदीची गाणी म्हणत होत्या, जात्यावर हळकुंडं भरडली जात होती. मध्येच गाणं थांबलं असताना भिंतीच्या वरून आक्काचा आवाज आला, अगदी हळू.

"शाले, जेवलीस काय गं?"

मी उत्तर दिलं नाही. तोंडात घास होता, आणि तिकडच्या बायका आल्या असतील तर मी बोलायचं नव्हतं. तिनं पुन्हा विचारलं नाही. आक्का माझ्याशी त्या घरातून बोलली ते शेवटचं.

लग्न मी ऐकलं. बँड, मंगलाष्टका, पंगतीतला "हुग्गी घ्या, हुग्गी" असा पुकारा. गव्हाची ही खीर मला फार आवडायची, हौसामावशीनं वाटीभर आणून दिली, ती तशीच गार झाली. पाठराखीण म्हणून तुकामामाची मुलगी गेली. मग ट्रॅक्टर सुरू झाला, बायका रडल्या, आणि गल्ली मोकळी झाली. संध्याकाळी मला उचलून घरी आणलं तेव्हा आक्काची जुनी वेणी बांधायची फीत खुंटीवर तशीच होती. शाळा त्या दिवशी सुटली. मला पाठीवर घ्यायला कुणी उरलं नव्हतं आणि तसा विषयही निघाला नाही. चार दिवस गेले, चार महिने गेले. आई-आप्पा आक्काच्या सासरी जाऊन आले. "सांगितलं का तिनं?" असं मी विचारलं की आई म्हणायची, "आत्ता कुठं रुळतीय. थांब जरा." पुढं आक्का पंचमीला माहेरी येणार असं ठरलं, नवरा सोडायला येणार होता, आणि त्याआधी आप्पांनी मला मिरजेच्या एका वसतिगृहात नेऊन ठेवलं. तिथं मला पायाला बांधायचा लोखंडी कॅलिपर मिळाला, कुबड्या मिळाल्या, मी उभी राहिले, शिकले, पुढं हेच काम करू लागले. वखारीतल्या हमालानं पांगळ्या पोरीला शिकवलं म्हणून लोक आप्पांचा अजून दाखला देतात. मी भाषणात कधी तो दाखला खोडला नाही. पण मला लपवायचं होतं म्हणून मी शिकले, हे मला नेहमी ठाऊक होतं, आणि त्यामुळं त्या शिक्षणाचा आनंद मला कधी झाला नाही.

आक्का एकदा वसतिगृहावर आली होती, आप्पांबरोबर, चोरून. पोटुशी होती. मी कुबड्यांवर उभी राहून तिच्याकडं चालत गेले. तिनं ते बघावं म्हणून मी किती दिवस वाट पाहिली होती. ती माझ्या तोंडाकडं बघत राहिली, खाली बघेना. माझ्या मागं आणखी पोरं होती, तिकडंही बघेना. जाताना मला मिठी मारली आणि म्हणाली, "राग धरू नगंस शाले. पोटुशीनं बघू नये म्हणत्यात." जिनं मला वर्षानुवर्षं पाठीवर वागवलं, जिला माझा ताप, माझी सुई, सगळं पाठ होतं, ती हे म्हणाली. पुन्हा ती आली नाही. तिला दोन मुलं झाली, दोन्ही धडधाकट. लस आली होती, दोन थेंबांनी भागत होतं.

खूप वर्षांनी तिच्या गावात अपंगांचा मेळावा ठरला. मी दुसऱ्या कुणाला पाठवू शकले असते. गेले, कारण मला आक्काला बघायचं होतं, बाकी काही कारण नव्हतं. आडनावाची मला धास्ती नव्हती, आमचं आडनाव या भागात गावोगाव आहे, आणि मेलेल्या माणसाला कुणी शोधत नाही. देवळापुढं मांडव होता. बायकांच्या पहिल्या रांगेत आक्का बसली होती, केस पिकलेले, अंगानं भरलेली. तिनं मला ओळखलं आणि पदर पुढं ओढला. तिच्या शेजारी तिची सासू होती, पार वाकलेली. ती म्हातारी काठी टेकत माझ्या खुर्चीपाशी आली. आवाज अजून तसाच मऊ होता. तिनं माझ्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली.

"किती शिकलीस गं बाई. कुणाची लेक तू? माझ्या सुनेची बी एक बहीण व्हती, तापात गेली. दरसाल तिच्या नावानं कुमारीण जेवू घालतो आमी. मी हिला म्हणते, तापातनं वाचून पांगळी का झाली असंना, जगाय पायजे व्हती. हितं आणली आसती मी. एक भाकरी काय जड झाली आसती?"

मेलेल्या माणसांबद्दल सगळे उदार असतात, हे मी या कामात पुष्कळ पाहिलं आहे. कदाचित त्या वेळी हीच बाई उठून गेली असती. पण कदाचित गेली नसती. ते आता कधीच कळणार नव्हतं. मी आक्काकडं बघितलं. तिचे ओठ हलत होते आणि डोळे मला विनवत होते, बोलू नको म्हणून. मी एक शब्द बोलले असते तर त्या घरात तिची सगळी वर्षं खोटी ठरली असती. मी म्हातारीला "व्हय आज्जी" म्हणाले. मग मला माइक दिला. घरातलं अपंग मूल लपवून ठेवू नका, यावर बोलायचं होतं. मी बोलले. चांगलं बोलले असं सगळे म्हणाले. टाळ्या संपायच्या आत आक्का सासूला हाताला धरून मांडवाबाहेर घेऊन गेली.

निपाणीला घरी पोचले. आप्पा तोवर गेले होते, आई होती, तिला धड दिसत नव्हतं. माझ्या कुबड्यांचा आवाज ऐकून ती अंथरुणावर उठून बसली.

"त्या गावाला गेलतीस न्हवं?" तिनं विचारलं. "कोण भेटलं काय गं आपलं?"

"न्हाई आई," मी म्हणाले. "त्या गावात माझं कोण हाय?"